मद्यमुक्ती आधारगट

दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे ठरलेल्या वारी एकत्र बसून न पिता राहायला एकमेकांना मदत करतात, त्या बैठकीला आधारगट म्हणतात. महाराष्ट्रात व गोव्यात यांतले सर्वाधिक पसरलेले जाळे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, बोलण्यात ‘एए’चे. अमेरिकेतील ॲक्रन गावी १९३५ मध्ये दोघा पिणाऱ्यांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली. मुंबईत ती १९५७ पासून रुजली आणि तिचे भारतातील मुख्य सेवा कार्यालय भायखळ्यात आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट याहून वेगळे. ते मुख्यतः तिथे उपचार घेतलेल्यांसाठी असतात.

गट हा उपचार नव्हे, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, थोडी पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही, अशा माणसाने मिटिंगला जायचे म्हणून दारू एका दिवसात तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास आणि भ्रम होऊ शकतात, आणि तेव्हा उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. त्यामुळे आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालय, मग गट. दोन्ही एकदम चालले तरी हरकत नाही.

जवळचा गट एएच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर सापडतो. केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर उपचार केंद्रांची माहिती मिळते. यादीवर मात्र विसंबू नये. मिटिंग बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या आवारात किंवा समाजमंदिरात भरते. परीक्षा आल्या, सभागृह लग्नाला दिले, की जागा बदलते. निघण्याआधी त्याच दिवशी फोन करून वेळ, भाषा आणि नेमकी खोली विचारावी. मिटिंग ‘खुली’ की ‘बंद’ हेही विचारावे. बंद मिटिंगला फक्त दारूची अडचण असलेलेच बसतात, खुल्या मिटिंगला घरचे माणूसही सोबत येऊ शकते. फाटकावर वॉचमनला ‘एएची मिटिंग कुठे?’ एवढे विचारले तरी पुरते.

मिटिंग तास-दीड तास चालते. सुरुवातीला क्षणभर शांतता आणि वाचन, मग एकेक जण नुसते पहिले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक’ म्हणत आपली हकिकत मांडतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये प्रश्न नाही, सल्ला नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटले तर कोणी आग्रह करत नाही. फी नाही, अर्ज नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी फिरणाऱ्या डब्यातून भाडे आणि चहा निघतो. नवख्याने त्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही, आणि बाहेरच्या देणग्या गट घेत नाही.

पहिल्या दिवशी मन पळवाट शोधते. समोरचा देशीच्या गुत्त्याची गोष्ट सांगतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘मी तर फक्त इंग्लिश घेतो.’ दुसऱ्याला प्रार्थना खटकते. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या क्रमवार तत्त्वांत, ईश्वर येतो खरा, पण ‘ज्याला जसा उमगेल तसा’ अशी सूट आहे, आणि नास्तिक सभासद त्या जागी गटालाच धरतात. (तुळशीची माळ घालून पिणे सोडणारे वारकरी आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, शपथेला मंडळींचा आधार लागतो, ही समजूत त्यांना नवी नाही.) एक गट पटला नाही तर दुसरा पाहावा, पण निदान पाच-सहा मिटिंगांनंतर. पहिल्या ९० दिवसांत ९० मिटिंगा, असा जुना सभासद सांगतो. तालुक्याच्या गावी ते जमत नाही, तिथे ऑनलाइन मिटिंगांनी भर घालावी लागते.

खरा उपयोग मात्र मिटिंग संपल्यावरच्या चहाला होतो. तिथे दोघा-तिघांचे नंबर घ्यावेत आणि पहिला पेला हातात घेण्याआधी लावावेत. नंतर लावलेल्या फोनचा फारसा फायदा नसतो. ‘स्पॉन्सर’ म्हणजे पायऱ्या चालवणारा अनुभवी सोबती. तो वर्षभराहून अधिक काळ न प्यायलेला असावा. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री, असा संकेत आहे. त्याच्याशी उसनवार करू नये. पुन्हा प्यायले गेले, म्हणजे ‘स्लिप’ झाली, तर दिवस पहिल्यापासून मोजायचे. गटातून कोणी काढत नाही. पिऊन आलेल्याला बसू देतात, बोलू देत नाहीत.

नाव न फोडण्याची रीत सभासद पाळतात, पण तिला कायद्याचे संरक्षण नाही. लहान गावात ओळखीचे भेटण्याची धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्याचा गट धरावा.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार, दारू पूर्ण बंद ठेवण्यात बारा पायऱ्यांची पद्धत इतर मानसोपचारांइतकी किंवा त्यांहून अधिक गुणकारी ठरते.

कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पूड वरणात कालवणाऱ्या घरांनी आधी अशा गटात जावे: त्या पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असू शकते, आणि ते पोटात असताना दारू प्यायल्यास छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि डॉक्टरला नेमके काय दिले तेच कळत नाही.