पिल्लांच्या शिटेवरचा पांढरा ठिपका

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला मावशीचा फोन. तिने गिरिराजा जातीच्या कोंबडीची वीस पिल्लं आणून बारा दिवस झाले होते आणि आवाज असा की मला वाटलं एखादं गेलंच. "अगं चॉकलेटी चिकट घाण करतायत, वास असा की उभं राहवत नाही, हगवण लागली वाटतं, शेजारचे म्हणतायत पाण्यात पावडर टाक." मी म्हटलं आधी फोटो पाठव. फोटो आला आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण त्यात जे होतं ते निरोगी कोंबडी रोज टाकते तेच होतं. पण तोपर्यंत मावशीने अँटिबायोटिकची पावडर पाण्यात कालवून ठेवली होती. म्हणजे धडधाकट वीस पिल्लांना औषध, तेही आजार नसताना.

तेव्हापासून मनात होतं की ह्यावर एकदा नीट लिहायचं. पहिल्यांदा पिल्लं पाळणारा जवळजवळ प्रत्येक माणूस शिटेकडे बघून घाबरतो, आणि मूळ घोटाळा एकच असतो, आपण ती आपल्या संडासाशी ताडून बघतो. आपल्याला लघवी वेगळी आणि शौच वेगळं. पक्ष्याला दार एकच. लघवी, शौच, पुढे मोठं झाल्यावर अंडं, सगळं त्याच वाटेने. त्यामुळे शीट म्हणजे नुसतं शौच नाही, ती दोन गोष्टींची मिळून झालेली असते.

एक ताजी शीट साध्या कागदावर पडू द्या आणि बघा. मधे तपकिरी किंवा हिरवट वळी असते, ते शौच. तिच्यावर पांढरी टोपी किंवा ठिपका, आणि भोवती कागद थोडा ओला झालेला, हे दोन्ही मिळून लघवी. त्या पांढऱ्याला लोक कोणी चुना म्हणतात, कोणी कॅल्शियम जास्त झालं म्हणतात, कोणी पू समजतात. ते युरिक अॅसिड आहे. आता जरा खोलात जाते, कारण ह्या सगळ्या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

प्रोटीन पचलं की शरीरात नायट्रोजनचा कचरा उरतो, अमोनियाच्या रूपात, आणि अमोनिया विषारी. मासा तो सरळ पाण्यात सोडून देतो. आपण त्याचा युरिया करतो, पण युरिया बाहेर टाकायचा तर सोबत पाणी घालवावं लागतं. पक्षी युरिक अॅसिड करतात आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, एका लिटरमधे कसंबसं ६०-७० मिलिग्रॅम. जे विरघळत नाही त्याच्यासाठी पाणी खर्च करायची गरज नाही, पांढरी पेस्ट करून टाकून द्यायची. बनवायला ऊर्जा जास्त लागते हे खरं, पण अंड्याचा विचार केला की हा सौदा पटतो. पिल्लू २१ दिवस कवचात बंद असतं, बाहेर काही टाकता येत नाही. कचरा विरघळणारा असता तर पिल्लाच्या भोवती साठत साठत गेला असता. युरिक अॅसिड एका वेगळ्या पिशवीत घट्ट होऊन पडून राहतं, पिल्लाला त्रास नाही. पुढच्या वेळी कोंबडी खुडूक बसली आणि पिल्लं निघाली की रिकामं कवच उचलून आतून बघा, पातळ पापुद्र्याला पांढरे कण चिकटलेले दिसतील. जन्मायच्या आधीची लघवी आहे ती!

बाहेर आल्यावरची गोष्ट तर अजून भारी. कोंबडीला मूत्राशय नाही. दोन्ही किडन्यांमधून ती पातळ पांढरी पेस्ट नळ्यांनी शेवटच्या भागात येते, त्याला क्लोएका म्हणतात, पुस्तकी मराठीत अवस्कर. त्याचे एकामागे एक तीन कप्पे असतात, आतल्यात आतडं उघडतं, मधल्यात लघवीच्या नळ्या, आणि तिसरा बाहेरच्या दाराचा. आता आपल्याला वाटेल लघवी मधल्या कप्प्यात आली म्हणजे झालं, गेली बाहेर. तर नाही. तिथून आतड्याच्या भिंतीला उलट्या दिशेने लाटा येतात आणि लघवी मागे, वर, मोठ्या आतड्यात ढकलली जाते. तिथे आतडं त्यातलं मीठ ओढून घेतं, मिठाबरोबर पाणीही आत जातं, आणि मग उरलेलं पांढरं शौचाबरोबर बाहेर. किडनीचं अर्धं काम आतडं करतं असं म्हटलं तरी चालेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं, कारण शाळेत आपण शिकतो की आतड्याची वाहतूक एकाच दिशेने.

आणि ही उलटी लाट तिथे थांबत नाही, ती पुढे जाते सीकममधे, ज्याला मराठीत उंडुक म्हणतात. आपल्याला छोटंसं एकच, कोंबडीला चांगल्या दोन लांब पिशव्या. ह्या पिशव्यांच्या तोंडाशी बारीक केसांसारख्या उंचवट्यांची जाळी असते, ती चाळणीचं काम करते, म्हणजे पाणी आणि अगदी बारीक कण आत, दाण्याची सालं आणि तंतू बाहेर. आत कोट्यवधी बॅक्टेरिया, ते युरिक अॅसिड फोडतात, अन्न आंबवतात, थोडं पाणी आणि नायट्रोजन परत कोंबडीच्या कामी येतं. दिवसातून काही वेळा ह्या पिशव्या रिकाम्या होतात आणि जे बाहेर पडतं ते कसं असेल? चाळलेलं, म्हणून मलमासारखं मऊ. आंबलेलं, म्हणून प्रचंड वास. रंग मोहरीच्या चटणीपासून गडद चॉकलेटीपर्यंत, आणि वर पांढरी टोपी बहुतेक नसते. साधारण आठ-दहा शिटांमागे अशी एखादी असतेच. मावशीच्या फोटोत हीच होती! तिच्या पिल्लांची पोटं उत्तम चालू होती, वास त्याचीच पावती.

एवढं समजलं की पातळ शीट वाचता येते. मधली वळी घट्ट आहे, टोपी पांढरी आहे, फक्त भोवतीचं ओलं वर्तुळ मोठं आहे, तर ती हगवण नाही, लघवी जास्त झालीये. मे महिन्यात हे सगळीकडे दिसतं, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पाणी भरपूर पिते, ते पाणी उलट्या लाटेने परत घेतलं जायच्या आत बाहेर पडतं. काकडी, कलिंगड दिलं तरी तेच, खाद्यात मीठ जास्त झालं तरी तेच. पण मधल्या वळीचाच आकार गेला, सगळं पाण्यासारखं एकत्र झालं, फेस किंवा शेंबडासारखं दिसलं, न पचलेले दाणे तसेच आले, आणि हे एकाच शिटेत नाही तर दिवसभर, एकाहून जास्त पिल्लांत, तर मात्र ती खरी हगवण.

हिरव्या रंगाचंही असंच. लसूणघास, कोथिंबीर, पालक घातला की शीट हिरवी होणारच. पण पिल्लू खात नसेल तरी ती हिरवी होते, चमकदार हिरवी, आणि ह्याचं कारण पित्तात आहे. आपलं पित्त पिवळट, कारण आपण बिलिव्हर्डिन नावाच्या हिरव्या रंगद्रव्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन करतो. कोंबडीत ते करणारं एन्झाइम जवळजवळ नाहीच, तिचं पित्त हिरवंच राहतं. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त खाली उतरतं. म्हणून हिरवी शीट दिसली की पहिला प्रश्न, पिल्लू खातंय का? संध्याकाळी गळ्याखालची पिशवी बोटाने हलकेच दाबून बघा, भरलेली लागली तर चारा आठवा काय घातला होता. रिकामी लागली तर काळजी करा.

लाल बघून सगळेच हादरतात, तेव्हा त्याबद्दल. बीट खाल्लं तर लाल येतं. कधीमधी गाजराच्या किसासारखा नारिंगी-लाल तुकडा येतो, तो आतड्याचं झडलेलं अस्तर असतो, एखाद्या वेळी दिसला तर हरकत नाही. पण ताजं रक्त, किंवा रक्ताळलेला चॉकलेटी रंग, आणि पिल्लं पंख पाडून, अंग फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात, हे चित्र रक्ती हगवणीचं, म्हणजे कॉक्सिडिओसिसचं. हा बॅक्टेरिया नाही आणि व्हायरसही नाही, आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे, कोंबडीत त्याच्या सात जाती मानतात आणि त्यातली टेनेला नावाची जात बरोबर त्या सीकमच्या पिशव्यांमधे घुसते. शिटेतून त्याची अंड्यासारखी कवचं पडतात, पण पडल्यापडल्या ती रोग देऊ शकत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात, प्रत्येकात आठ जंतू तयार. पिल्लू ते टिपतं, गिझार्डमधे, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, कवच दळून फुटतं, पुढे जंतू मोकळे होतात, पेशीत शिरून वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात, परत शिरतात. दुसऱ्या पिढीची फोडाफोडी खोलवर होते आणि रक्त तेव्हा येतं, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी. म्हणून चार दिवसांच्या पिल्लात हा रोग दिसत नाही, तीन ते सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त दिसतो. आणि म्हणूनच पाण्याच्या भांड्याजवळचं ओलं तूस हे खुराड्यातलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण, तिथे ऊब आणि ओल दोन्ही आहे. फिनेल ओतून ही कवचं मरत नाहीत, कोरडेपणा त्यांना मारतो.

ह्यावर अॅम्प्रोलियम नावाचं औषध चालतं, ते खोटं बी-वन व्हिटॅमिन आहे, परजीवी खरं समजून घेतो आणि उपाशी राहतो. ते चालू असताना प्रेमाने बी-कॉम्प्लेक्सही पाण्यात टाकलं तर औषधाचाच जोर कमी होतो, आणि हे करणारी माणसं मी बघितलीयेत.

पांढऱ्या हगवणीचं नाव जुन्या लोकांना माहीत असतं, पुलोरम, साल्मोनेला ह्या बॅक्टेरियाचा एक प्रकार, तो अंड्यातूनच पिल्लात येतो, म्हणून इथे आपली स्वच्छता कितीही असली तरी मूळ प्रश्न पिल्लं कुठून आणली हा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मर होते, गुदद्वाराला पांढरं चिकटलेलं असतं. पण नुसतं चिकटलेलं दिसलं म्हणजे पुलोरम नव्हे, प्रवासातून आलेल्या, गारठलेल्या किंवा तापलेल्या पिल्लांतही ते होतं. कोमट पाण्याने ओल्या कापसाने भिजवून काढायचं, ओढायचं नाही, कोरडं करून परत उबेत ठेवायचं, पहिल्या आठवड्यात ब्रुडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३५ अंशांच्या आसपास. आणि कृपा करून आधी बघा तुम्ही बेंबीची खपली तर काढत नाही ना, ती पोटाच्या बाजूला असते.

गंबोरो नावाच्या रोगात शिटेचं पांढरट पाणी होतं, वय पुन्हा तीन ते सहा आठवडे. त्याचा व्हायरस क्लोएकाच्या वरच्या बाजूला असलेल्या बर्सा नावाच्या पिशवीतल्या पेशी मारतो. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात, माणसातल्या तशाच पेशींना बी-सेल्स म्हणतात त्यातला 'बी' ह्याच कोंबडीच्या बर्सावरून आलाय, त्यामुळे ह्या रोगातून पिल्लू वाचलं तरी त्याची प्रतिकारशक्ती अधू राहू शकते. राणीखेतमधे, आपल्याकडे मानमोडी म्हणतात ती, हिरवी पातळ शीट, धाप, आणि मान वळणं. दोन्ही व्हायरस, दोन्हीला लस आहे, अँटिबायोटिकचा दोन्हीवर काहीही उपयोग नाही.

राग येतो तो इथे. राणीखेत आली की अजूनही कुणी खुराड्यावर लिंबू-मिरची बांधतं, नजर लागली म्हणतं, आणि लसीचा थेंब डोळ्यात घालायला सातव्या दिवशी कुणी नसतं. दुसरीकडे व्हॉट्सअॅपवर "सर्व रोगांवर एकच" म्हणून बाटल्या विकल्या जातात, हळद-लसणाचं पाणी रामबाण म्हणून फिरतं. आणि तिसरी, सगळ्यात महागात पडणारी सवय, काही झालं की अँटिबायोटिक. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, ते पोल्ट्रीच्या खाद्यात इतकं वापरलं जात होतं की २०१९ मधे केंद्र सरकारला जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घालावी लागली. मावशीची चिमूटभर पावडर ह्याच मालिकेतली आहे, हे मी तिलाही सांगितलं, तिने पाणी ओतून दिलं.

शंका आली तर हे करा. तुसावर तासभर पांढरा कागद पसरा, जास्त वेळ नको, गुळगुळीत कागदावर लहान पिल्लांचे पाय फाकतात. पंधरा-वीस शिटा एकत्र बघा, एकीवरून ठरवू नका. मग पिल्लांकडे बघा, खातायत का, धावतायत का. रक्त असेल किंवा पिल्लं पेंगत असतील तर ताजी शीट छोट्या डबीत घालून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, मायक्रोस्कोपखाली आयमेरियाची कवचं दिसतात. एखादं पिल्लू मेलं तर ते पुरून टाकू नका, दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवून तेच घेऊन जा, पोस्टमॉर्टेममधे सीकम उघडलं की जे कळतं ते शंभर फोटोंतून कळत नाही. मात्र एकदम भराभर मरायला लागली तर हात लावू नका, उघडू नका, सरळ डॉक्टरांना कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मधे आपल्याच नवापूरला सापडला होता.

आणि निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या शिटेतही साल्मोनेला असू शकतो, तेव्हा पोरांनी पिल्लं हातात घेतली की साबणाने हात धुवायला लावा, गालाला लावू देऊ नका. मावशीची वीसच्या वीस पिल्लं आहेत, तिने पाण्याचं भांडं आता विटेवर उचलून ठेवलंय आणि खालचं तूस दर दोन दिवसांनी बदलते.