शंभर-नव्वद की प्लस शंभर? हेडलाइटच्या खोक्यावरचे दोन ‘शंभर’

धुळ्या-जळगावच्या ऑटो पार्टच्या काउंटरवर ‘शंभरना बल्ब दे भो’ म्हटलं, की दुकानदार दोनपैकी कोणतंही खोकं पुढे सरकवू शकतो. एकावर छापलेलं असतं ‘१२ व्होल्ट १००/९० वॅट’. दुसऱ्यावर ‘१२ व्होल्ट ६०/५५ वॅट’ आणि शेजारी मोठ्या आकड्यात ‘+१००%’. दोन्ही एच-४ जातीचे हॅलोजन बल्ब, दोन्हींना मागे तीन पाती, दोन्ही एकाच होल्डरात बसतात. पण पहिला शंभर म्हणजे अप्परवर, म्हणजे लांबच्या उजेडावर, बल्ब किती वीज खातो ते. दुसरा शंभर म्हणजे रस्त्याच्या ठरावीक पट्ट्यावर उजेड किती वाढतो, याबद्दलचा बनवणाऱ्याचा दावा. वीज तो नेहमीच्या बल्बइतकीच खातो.

एच-४ बल्बच्या काचेत दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा) असतात, एक अप्परचं आणि एक डिपरचं, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडाचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरला वर सरळ कापल्यासारखी रेषा दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. फिलामेंट या वाटीपासून आणि रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या चकाकत्या आरशाच्या) केंद्रापासून मिलिमीटरभर जरी सरकलं तरी ही रेषा फिसकटते. दोन बल्बांतला खरा फरक इथेच पडतो.

शंभर-नव्वदमध्ये फिलामेंट जाड आणि मोठं असतं. एकूण उजेड जास्त निघतो, पण एका ठिपक्याऐवजी पसरट जागेतून निघतो आणि रिफ्लेक्टरला तो नीट गोळा करता येत नाही. गाडीपुढचे वीस-पंचवीस मीटर लख्ख होतात, त्यामुळे चालवणाऱ्याला ‘मस्त पडतोय’ असं वाटतं. जवळचा रस्ता इतका उजळला की बुबुळं आकसतात आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. शिरपूर-चोपडा-यावल-रावेर रस्त्यावर केळीची किंवा कापसाची ट्रॉली मागच्या दिव्याविना चाललेली असते. ती दिसायला हवी पन्नास-साठ मीटरवर, बंपरपुढे नव्हे.

प्लसचं उलट आहे. फिलामेंट तेवढ्याच वॅटचं, पण वेटोळं घट्ट आणि जागेवर अचूक बसवलेलं. आत वायूचा दाब जास्त असतो, बहुतेकदा झेनॉन मिसळलेला असतो, म्हणून तार जास्त तापवता येते. एकूण उजेड मात्र नियमाच्या चौकटीतच राहतो. एच-४ साठी १३.२ व्होल्टला अप्पर १६५० आणि डिपर १००० ल्युमेन (उजेडाचं माप), १५ टक्के इकडे-तिकडे. ‘+१००%’ म्हणजे उजेड दुप्पट नव्हे. तुलना असते कायद्याने मागितलेल्या किमान उजेडाशी, तीही पुढच्या रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंवर. साधा चांगला बल्बसुद्धा त्या किमान पातळीच्या वर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक जाणवतो तो आकड्यापेक्षा बराच कमी. तरी जाणवतो, आणि नेमका डिपरच्या लांबच्या टोकाला.

त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. साध्या बल्बच्या निम्म्या काळात किंवा त्याआधीच प्लस उडतो. खड्ड्यांच्या धक्क्याने घट्ट वेटोळं तुटतं. व्होल्टेज ५ टक्के चढलं तरी हॅलोजनचं आयुष्य निम्म्याच्या आसपास येतं. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) १४.५ व्होल्टच्या वर चार्ज करत असेल तर आधी त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) दुरुस्त करा, नाहीतर प्लसचे पैसे पाण्यात.

आता वायरिंगचं गणित, कारण शंभर-नव्वदचा खरा घोळ तिथे होतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, जोड गंजलेले, अर्थिंग सैल. समजा एका बल्बच्या वाटेत सगळा मिळून ०.२ ओहम अडथळा आहे आणि बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत. ६० वॅटला सुमारे ५ अँपिअर लागतात, वाटेत १ व्होल्ट पडतो, बल्बला १२.८ मिळतात. १०० वॅटला ८.३ अँपिअर लागतात, १.७ व्होल्ट पडतात, बल्बला १२.१ मिळतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. हिशेब केला तर वॅट वाढले ६७ टक्के आणि उजेड वाढला ३८ टक्क्यांच्या आसपास. बाकीची वीज वायर तापवते, प्रत्येक बल्बमागे ५ वॅटऐवजी १४.

हा ताप कुठे निघतो ते बघायचं असेल तर शंभर-नव्वद लावून वर्षभर चाललेल्या गाडीचा बल्बमागचा प्लग ओढून काढा. डिपरच्या पातीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं असतं, पात निळी-काळी झालेली, स्प्रिंगची पकड गेलेली. पकड गेली की अडथळा वाढतो, अडथळ्याने ताप वाढतो. वर रिफ्लेक्टरवर, बल्बच्या बरोबर डोक्यावर, धुरकट डाग पडतो. तिथलं चकाकतं आवरण गेलं की ते परत येत नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बॉनेटखाली आधीच भट्टी असते.

सिरॅमिक होल्डर आणि रिले किट (बल्बचा करंट स्विचमधून न फिरवता थेट बॅटरीवरून आणणारं) लावलं की शंभर-नव्वद चालतो, असं सर्रास सांगितलं जातं. वायरिंग वाचेल, खरं आहे. पण फिलामेंटचा पसरटपणा, रिफ्लेक्टरचा ताप आणि समोरच्याचे दिपणारे डोळे तसेच राहतात. आणि तो रस्त्यासाठी मान्यही नाही: एच-४ ला १३.२ व्होल्टवर कमाल मर्यादा आहे ७५/६८ वॅट. मान्य बल्बच्या बुडाशी गोलात ‘ई’ आणि आकडा कोरलेला असतो, शंभर-नव्वदवर तो सहसा सापडत नाही. कोंडाईबारी घाटात वळणावर समोरचा ट्रकवाला आंधळा झाला, तर तो आपल्याच अंगावर येणार.

रिले किट मात्र साध्या ६०/५५ ला लावण्यासारखं आहे. पण आधी मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन आणि हेडलाइट चालू करा. बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, मग प्लग बल्बला लावलेलाच ठेवून त्याच्या मागून, पेटलेल्या फिलामेंटच्या पातीवर आणि बल्बच्या अर्थच्या पातीवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल बल्बच्या अर्थच्या पातीवर धरा, ०.२-०.३ च्या वर आलं तर अर्थचा बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. बऱ्याच गाड्यांचा ‘कमी उजेड’ एवढ्यानेच जातो.

तरी फरक राहिला तर दोन रिले लावा, अप्परचा आणि डिपरचा वेगळा. रिलेवरच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वायर, ८७ वरून बल्बला, ८६ ला जुन्या प्लगची वायर, ८५ अर्थला. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, फ्यूज १५ अँपिअरचा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, हेडलाइट अर्थच्या बाजूने चालू-बंद होतात. तिथे साधं किट लावलं तर अप्पर-डिपरचा गोंधळ होतो. किट घेण्याआधीच वायरिंगवाल्याला हे तपासायला सांगा.

बल्ब जोडीनेच बदला. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथे क्वार्ट्झ कमकुवत होतं. लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. ट्रकचा माल ठेवणाऱ्या दुकानात खोक्यावरचा व्होल्टही वाचा. २४ व्होल्टचा ७५/७० वॅट एच-४ दिसायला तसाच असतो, १२ व्होल्टच्या गाडीत लावला की लालसर मिणमिणतो. पूर्ण निळ्या काचेचा बल्ब तर घेऊच नका. रंग पांढरा दिसतो तो उजेड गाळून टाकल्यामुळे. प्लसवरचे निळे पट्टे वेगळे, फिलामेंटसमोरची काच त्यात स्वच्छ असते.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचेमागे मात्र दोन्ही बल्ब सारखेच वाया. १०००, २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासून पॉलिश करा आणि वरून ऊन रोखणारा क्लिअर कोट मारा. कोट टाळला तर आपल्याकडच्या उन्हात काच लवकरच परत पिवळी पडते.

शेवटी फोकस. टायरमध्ये हवा बरोबर, चालक सीटवर, जमीन सपाट, भिंत १० मीटरवर. हेडलाइटच्या केंद्राची उंची भिंतीवर खडूने आखा आणि डिपरची वरची रेषा त्याच्या १० ते १३ सेंटिमीटर खाली येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवा. डावीकडे ती थोडी वर चढते, ते बरोबर आहे; रस्त्याची कड त्यामुळे दिसते. डॅशबोर्डवर लेव्हलरचं (उजेड वर-खाली करायचं) चक्र असेल तर आखताना ते शून्यावर ठेवा आणि लग्नाला पाच जण अन् डिकीभर सामान घेऊन निघाल तेव्हा पुढे सरकवा.