आव, अमिबा आणि पांढऱ्या कुड्याची साल

एप्रिल-मेमध्ये कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पांढरा कुडा फुलतो. झुडूप म्हणावं किंवा फार तर लहान झाड. पान खुडलं की पांढरा चीक येतो, फुलांनंतर बारीक लांब शेंगा जोडीनं लोंबू लागतात. फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात, पण औषधात खरा मान सालीला. ही साल अतिशय कडू. आव पडून पोटात मुरडा येत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर तिचा काढा देण्याची रीत फार जुनी आहे. चरकसंहितेतही कुटजाची, म्हणजे कुड्याची, साल रक्त आणि स्राव थांबवणाऱ्या द्रव्यांत श्रेष्ठ मानली आहे.

यामागचं रसायन एकोणिसाव्या शतकात हाती लागलं. सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक प्रभावी द्रव्य, असतं आणि ते आव घडवणाऱ्या अमिबाला, एका एकपेशीय सूक्ष्म जीवाला, मारतं. हा अमिबा मोठ्या आतड्याच्या अस्तरात व्रण करतो, म्हणून शेम आणि रक्त पडतं. कधी तो यकृतापर्यंत पोचून तिथे गळू करतो. १९२०च्या दशकात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी या सालीचा अभ्यास केला. त्या काळी अमिबावर एमेटीन या औषधाची इंजेक्शनं देत आणि त्यांचा हृदयावर वाईट परिणाम होई, त्यामुळे कुड्याकडे डॉक्टरांचंही लक्ष होतं.

मग कोनेसीन मागे का पडलं? शुद्ध कोनेसीन घेणाऱ्या काही रुग्णांना झोप लागेना, चक्कर येई, मन अस्वस्थ होई. हे द्रव्य मेंदूपर्यंत पोचतं आणि जागेपणाशी संबंधित हिस्टामिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका ग्राहीला (पेशीवर ते रसायन जिथे बसतं त्या जागेला) अडवतं, हे अलीकडे कळलं आहे. निद्रानाशाचं मूळ तिथे असू शकतं. १९६०च्या दशकात अमिबावर मेट्रोनिडाझोल हे औषध आलं आणि कोनेसीनची गरज संपली.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक जुलाब अमिबामुळे होत नाही. लहान मुलांचे जुलाब बरेचदा विषाणूंमुळे होतात. तिथे अमिबा मारून काय साधणार? त्या वेळी जीव वाचतो तो मीठ-साखरेच्या पाण्यानं, म्हणजे ओआरएसनं. शौचात रक्त असेल, ताप असेल, तर घरच्या काढ्यावर विसंबून राहू नये.

शिवाय साल कुठल्या कुड्याची, हेही पाहायला हवं. काळा कुडा दिसायला जवळचा, त्याची साल बाजारात सर्रास मिसळली जाते, पण आवेवर ती पांढऱ्याची जागा घेऊ शकत नाही. फुलात ओळख पटते: काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्याच्या नसतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या.

साल काढताना बुंध्याभोवती पूर्ण सोलली, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जात नाही आणि झाड मरतं. त्यापेक्षा फांद्या तोडून त्यांची साल घ्यावी. कुडा चिवट आहे. छाटला तरी पुन्हा फुटतो.