पांढरा ॲक्सोलॉटल अल्बिनोच असतो का?

‘पांढरा ॲक्सोलॉटल म्हणजे अल्बिनोच’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा, बेडकासारखाच एक उभयचर प्राणी.) रंग बघून तसं वाटणं साहजिक आहे, पण खरी ओळख पटते डोळ्यांवरून. म्हापशात एका मित्राच्या टाकीत मी जवळून पाहिलं: अंग दुधासारखं, डोळे मात्र काळेभोर. हा ल्युसिस्टिक. त्याच्यात काळं रंगद्रव्य बनतं, पण रंगपेशी अंगभर पसरत नाहीत. अल्बिनोत ते रंगद्रव्य बनतच नाही, म्हणून डोळे लालसर-गुलाबी दिसतात. लालसर कल्ल्यांवरून काही ठरवू नका; तो रक्ताचा रंग. दिवसाउजेडी बघा, टॉर्च अजिबात मारू नका, त्यांना पापण्या नसतात हो! आणि रंग कुठलाही असो, पाणी १६ ते १८ अंश हवं. गोव्याच्या उकाड्यात त्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच.