औषध विकायच्या आधी तपासा, एवढा नियम यायला शंभरावर जीव गेले

नवीन औषध बाजारात आणायच्या आधी ते विषारी नाही ना हे कंपनीने तपासलंच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९३८ पर्यंत नव्हता. म्हणजे विमानं उडत होती, घराघरात रेडिओ वाजत होता, पण बाटलीत काय भरलंय ते माणसाच्या पोटात गेल्यावरच कळायचं.

त्याआधी काहीच झालं नव्हतं असं नाही. सरकारी कृषी खात्यात हार्वे वायली नावाचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९०२ मध्ये काही धडधाकट तरुणांना रोज जेवू घालून त्या जेवणातच बोरॅक्स, फॉर्मल्डिहाइड अशी त्या काळी खाण्याच्या वस्तू टिकवायला सर्रास वापरली जाणारी रसायनं दिली आणि तब्येतीवर काय परिणाम होतो ते मोजलं. पोरं आजारी पडली, पेपरात गाजलं, लोक चिडले आणि वायलींच्या अनेक वर्षांच्या खटपटीतून १९०६ चा पहिला अन्न आणि औषध कायदा झाला. चांगला कायदा होता पण औषधांच्या बाबतीत तो मुख्यतः लेबलपाशी थांबायचा. भेसळ करू नका, लेबलवर खोटं लिहू नका, अफू कोकेन वगैरे असेल तर तसं छापा, बस. औषध सुरक्षित आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कुणावरच नव्हती. १९३३ मध्ये नवीन कडक विधेयक आलं आणि ते वर्षानुवर्षं संसदेत अडकून पडलं.

मग आलं १९३७. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं खरोखर जादू वाटावं असं औषध होतं, घशाच्या जंतुसंसर्गाने माणसं मरायची ती यामुळे वाचायला लागली होती. गोळ्या आणि पावडर मिळायची पण लहान मुलांना गोळी गिळता येत नाही, त्यामुळे टेनेसी राज्यातल्या मॅसेनगिल कंपनीच्या सेल्समननी सांगितलं की लोक पातळ औषध मागतायत. अडचण अशी की सल्फानिलामाइड पाण्यात नीट विरघळत नाही. कंपनीचे मुख्य केमिस्ट हॅरोल्ड वॉटकिन्स यांना ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळतं असं सापडलं. त्यांनी रंग बघितला, वास बघितला, चव बघितली, रासबेरीचा फ्लेवर घातला आणि २४० गॅलन म्हणजे साधारण ९०० लिटर माल तयार करून देशभर पाठवला. प्राण्यांवर एकही चाचणी केली नाही. कायद्याने करायची गरजच नव्हती.

आता हे डायएथिलीन ग्लायकॉल काय करतं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण गोष्ट १९३७ मध्ये संपत नाही. हा रंग नसलेला, घट्टसर, चवीला गोड द्रव आहे आणि कारखान्यात सॉल्व्हंट म्हणून वापरतात. पोटात गेल्यावर लिव्हरमधली एन्झाइम्स त्याचे तुकडे करायला लागतात (दारू पचवणारं एन्झाइमच इथेही पहिलं काम करतं) आणि शेवटी डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं. हे ॲसिड किडनीच्या बारीक नळ्यांच्या पेशींमध्ये साचतं आणि त्या पेशी मरतात. म्हणून सुरुवातीला नुसती मळमळ, उलट्या, पोटदुखी, म्हणजे मूळ आजारातही होईल असंच सगळं, आणि मग एक दोन दिवसात लघवी कमी होत होत बंदच होते. घरच्यांना वाटतं आजार वाढला, म्हणून ते तेच औषध अजून एक चमचा देतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळवलं की हे औषध घेतलेले पेशंट दगावतायत. असोसिएशनच्या लॅबने विष ओळखलं. कंपनीने आधी दुकानदारांना नुसती तार केली की माल परत पाठवा, का ते सांगितलंच नाही, मग एफडीएने (अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन) दबाव आणल्यावर दुसरी तार गेली की जिवाला धोका आहे. एफडीएचे २३९ इन्स्पेक्टर आणि केमिस्ट, म्हणजे फील्डवरचा जवळजवळ सगळा स्टाफ, दुकानांच्या वह्या आणि प्रिस्क्रिप्शन तपासत गावोगाव फिरला. एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं आणि डोंगरात राहायला गेलेल्या एका कुटुंबातल्या तीन वर्षांच्या मुलाला शोधायला तो एफडीएच्या माणसाबरोबर गेला. २४० पैकी २३४ गॅलन माल परत मिळाला. उरलेल्या जेमतेम २२ लिटरने शंभराहून जास्त जीव घेतले, त्यात कितीतरी लहान मुलं होती.

आणि खटला कशावर चालला माहितीये? बाटलीवर 'एलिक्सिर' लिहिलं होतं आणि एलिक्सिर म्हणजे त्यात अल्कोहोल हवं, ते नव्हतं, म्हणून लेबल चुकीचं! 'सोल्युशन' लिहिलं असतं तर एफडीएला त्या बाटल्या जप्त करायचा अधिकारच नव्हता. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला. मालकाचं म्हणणं होतं की आमची काही जबाबदारी नाही, आणि तेव्हाचा कायदा बघता ते कोर्टात खोडणं अवघड होतं.

मुलगी गमावलेल्या एका आईने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. पाच वर्षं अडकलेलं विधेयक हललं आणि २५ जून १९३८ ला सही झाली. आता उलटं झालं, औषध धोकादायक आहे हे सरकारने दाखवायच्या ऐवजी ते सुरक्षित आहे हे कंपनीने आधी दाखवायचं. माझ्या मते औषधांच्या इतिहासात याच्याइतका मोठा बदल क्वचितच झालाय.

त्या वेळी शिकागोत प्रा. गायलिंग यांच्या लॅबमध्ये या औषधातलं विष कोणतं ते प्राण्यांवर तपासत होते आणि तिथे फ्रान्सिस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी काम करत होती. हीच केल्सी १९६० मध्ये एफडीएत रुजू झाली आणि तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाची फाइल आली. कंपनी मागे लागली होती तरी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे म्हणून तिने परवानगी दिलीच नाही. युरोपात गरोदर बायकांनी ते घेतलं आणि हजारो बाळं हातापायाच्या व्यंगासह जन्मली, अमेरिकेत ते औषध तेव्हा विक्रीला आलंच नाही. मग १९६२ मध्ये कायदा अजून कडक झाला, औषध सुरक्षित आहे एवढंच नाही तर त्याचा उपयोग होतो हेही दाखवा.

आपल्याकडे भेसळीच्या औषधांची, विशेषतः क्विनाइनची ओरड झाल्यावर १९३० मध्ये चोप्रा समिती नेमली गेली आणि १९४० मध्ये औषध कायदा आला. पण १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ पेशंट गेले. ग्लिसरीन आणि हे दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही गोड, आणि औद्योगिक माल स्वस्त. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने कंपन्यांपासून महाराष्ट्राचं एफडीए आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर बोट ठेवलं.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा तेच झालं. खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त मुलं गेली, कितीतरी जणांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. हे रसायन औषधात ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये, त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के निघालं. गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखायची पद्धत) हे सहज पकडता येतं, पातळ थराच्या साध्या क्रोमॅटोग्राफीनेही येतं आणि त्याला फार महागडं मशीन लागत नाही, फक्त कच्च्या मालाचा ड्रम उघडल्यावर नमुना काढून कुणीतरी ती टेस्ट करायला हवी. गांबिया या आफ्रिकी देशात २०२२ मध्ये मुलं गेली आणि भारतातून गेलेल्या सिरपवर ठपका आला, त्यानंतर भारतातून बाहेर जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला जून २०२३ पासून सरकारी लॅबचा दाखला सक्तीचा झाला होता. छिंदवाड्यातल्या मुलांना दिलेली बाटली देशातच विकायची होती, तिला तो दाखला लागत नव्हता.