कोल्ड एअर इनटेक आणि पावसाळी पाणी

कोल्ड एअर इनटेक म्हणजे बोनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची गार हवा इंजिनाला मिळावी यासाठी केलेली नळी आणि फिल्टरची मांडणी. गार हवा दाट असते. बोनेटखाली 60 अंश आणि बाहेर 30 अंश सेल्सिअस धरले, तर तेवढ्याच जागेत बाहेरच्या हवेत सुमारे दहा टक्के जास्त प्राणवायू मावतो आणि इंधन त्या प्रमाणात अधिक जाळता येते. मात्र ही गार हवा बंपरच्या आड, मडगार्डच्या पोकळीत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर मिळते आणि रस्त्यावर साचलेले पाणीही आधी तिथेच पोचते. ते पाणी हवेबरोबर ओढले गेले तर इंजिन जागेवर जाम होते. एरवी कोरडा म्हणून ओळखला जाणारा मराठवाडा ऑगस्ट-सप्टेंबरात काही तासांत जलमय होतो. त्यामुळे इथल्या गाडीमालकाला इनटेकचे तोंड कुठे आहे हे ठाऊक असणे फार गरजेचे आहे.

इंजिनाने पाणी ओढले की काय होते

फोर-स्ट्रोक इंजिन हवा आत घेते, दाबते, पेटवते आणि धूर बाहेर टाकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. 1200 सीसीच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला 300 सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाला असतानाची सिलिंडरातली जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे तो आकडा, 10 असेल तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी पोकळी अवघी 33 मिलिलिटर असते. 1500 सीसीच्या डिझेल इंजिनात रेशो 16 धरला तर हीच जागा 25 मिलिलिटर भरते, म्हणजे पोह्याच्या चमच्याने दोन-तीन चमचे. एवढे पाणी एका सिलिंडरात गेले की वर येणारा पिस्टन अडतो. बाकीचे सिलिंडर मात्र क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, फिरवतच असतात आणि तो सगळा जोर पिस्टनला या दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येऊन रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. गॅरेजमध्ये तेच ‘इंजिननं पाणी पिलं’ असे सांगितले जाते.

इंजिन मंद फिरत असेल तर ते नुसते बंद पडते आणि पुष्कळदा वाचते. वेगात असेल तर रॉड वाकतो किंवा तुटून ब्लॉकला भोक पाडतो. सर्वांत फसवा प्रकार किंचित वाकलेल्या रॉडचा. गाडी चालू होते, थोडा ठोका येतो, मालक निर्धास्त होतो आणि पुढे कधीतरी तोच रॉड भर रस्त्यात तुटतो.

इंजिनाची ओढही कमी लेखू नये. वरचेच 1200 सीसीचे इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर सुमारे हजार लिटर हवा खेचते. तोंड पाण्यात गेले की ही ओढ पाण्यावर येते आणि सिलिंडर भरायला एखादा सेकंदही लागत नाही. निव्वळ पावसाच्या सरींनी मात्र असे होत नाही. फिल्टरवर चार थेंब पडले, थोडी वाफ आत गेली तरी इंजिनाला अपाय नसतो. कागदी फिल्टर चिंब भिजला तर हवा अडते, गाडी ओढत नाही, एअर फ्लो सेन्सर ओला होऊन डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. तो त्रास फिल्टर बदलून संपतो.

मराठवाड्यातला धोका

या आठ जिल्ह्यांत वर्षाकाठी सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात. म्हणजे वर्षाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका दिवसात. जूनमध्ये काळ्या रानाला पडलेल्या भेगा पहिले पाऊस पिऊन टाकतात. सप्टेंबरपर्यंत तीच माती फुगून गच्च झालेली असते, खाली बेसाल्टचा कातळ, मग पडेल ते पाणी थेट ओढ्याला लागते. सप्टेंबर 2021 च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या पट्ट्याने असेच झाले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि बीड, लातूर व आताच्या धाराशिव जिल्ह्यातली नदीकाठची गावे वेढली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये सीना, तेरणा, मांजरा, बिंदुसरा या नद्यांना आलेल्या पुरांनी पुन्हा तेच चित्र उभे केले. धरणाखालच्या गावात आभाळ कोरडे असतानाही विसर्गामुळे पुलावर पाणी चढते, हे वाटसरूच्या लक्षात येत नाही.

गाडीच्या दृष्टीने खरी अडचणीची जागा म्हणजे फरशी पूल आणि नळकांडी पूल. कमी उंचीचे, बहुधा बिनकठड्याचे हे पूल गावाला हमरस्त्याशी जोडतात. नळकांड्यांत काडीकचरा, पऱ्हाट्या, प्लास्टिक अडकले की पाणी वरून वाहू लागते. वरून ते गुडघाभर दिसते, पण कडेचे डांबर उखडून खड्डा पडलेला असतो. पुढचे चाक त्या खड्ड्यात गेले की गाडीचे नाक वीतभर खाली झुकते आणि तोवर कोरडे असलेले इनटेकचे तोंड पाण्यात बुडते. शहरांत हेच काम रेल्वेखालचे भुयारी मार्ग आणि नव्या महामार्गांचे सखल सर्व्हिस रोड करतात. तिथे पाणी वाहत नाही, तुंबते, आणि किती खोल आहे हे आत शिरल्याशिवाय कळत नाही.

तोंड किती उंचीवर

कंपनीने बसवलेला इनटेक बहुतेक गाड्यांत विचारपूर्वक वर ठेवलेला असतो. बोनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणारी नळी हाताने चाचपत गेले की ती ग्रिलच्या मागे रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर किंवा हेडलाइटच्या पाठीशी उघडते. ते तोंड खाली वळलेले असेल तर त्याची खालची कड पाहावी. जमिनीपासून तिथवर टेप लावून उंची मोजावी, आणि ती गाडीत माणसे बसवून मोजावी, कारण पाच जण आणि डिकीभर सामान घेतलेली गाडी स्प्रिंगवर दबलेली असते. ही उंची म्हणजे सुरक्षित खोली नव्हे. पाण्यात शिरलेली गाडी पुढे लाट ढकलते, समोरून ट्रक किंवा एसटी आली तर तिची लाट वेगळीच. म्हणून मोजलेल्या उंचीच्या निम्म्यापलीकडे पाण्यात उतरू नये. साध्या गाडीत पाणी चाकाच्या मध्याला लागले की तिथूनच मागे फिरावे.

काही कंपन्या पाण्यातून जाण्याची कमाल खोली जाहीर करतात. महिंद्रा थारसाठी ती 650 मिलिमीटर आहे. हा आकडा स्थिर पाण्याचा आणि सावकाश चालीचा असतो. वाहत्या पाण्याचे गणित निराळे. फूटभर वाहते पाणी लहान गाडीला उचलून नेऊ शकते, दोन फुटांत एसयूव्हीसुद्धा टिकत नाही, मग इनटेक कितीही उंच असो.

बाहेरून बसवलेला कोल्ड एअर इनटेक इथेच घात करतो. त्यात कंपनीचा डबा काढून लांब नळी बंपरच्या कोपऱ्यात उतरवतात आणि टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर लावतात. तो फॉग लॅम्पच्या मागे, कित्येकदा चाकाच्या मध्याएवढ्याच उंचीवर लटकतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, त्यामुळे गार हवेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तरी रोज खेड्यापाड्यांत जाणाऱ्या गाडीला हा बदल करू नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. थोड्या ताकदीसाठी इंजिन पणाला लावण्यात अर्थ नाही, शिवाय वॉरंटीचा वाद उभा राहतो तो वेगळाच.

बचावाची साधने

ज्यांनी असा इनटेक बसवलाच आहे त्यांना सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पावसाळ्याआधी खालची नळी काढून फिल्टर वर, बोनेटखाली आणणे. हवा थोडी गरम मिळेल, पण चार महिने निभावतील. अनेक संचांत नळी दोन तुकड्यांत असते आणि क्लॅम्प सोडवून हा बदल होतो. जून उजाडायच्या आत तो करून घ्यावा.

फिल्टरवर चढवायचे पाणीरोधक कापडी कव्हर मिळते. चाकाने उडवलेले पाणी, पुढच्या ट्रकचा फवारा, चिखलाचे शिंतोडे ते अडवते. फिल्टर बुडाला तर त्याचा उपयोग नाही. मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे लायनर तुटले असेल तर आधी ते बदलावे, कारण चाकाचा मारा थेट फिल्टरवर येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते हमखास तुटते आणि कुणी पुन्हा बसवत नाही.

बायपास वाल्व हा जरा हुशारीचा उपाय आहे. फिल्टर आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामध्ये, नळीच्या उंच भागात तो बसतो. फिल्टर पाण्यात गेला की नळीतली ओढ वाढते. पाणी एक फूट वर चढवायला सुमारे 3 किलोपास्कल ओढ लागते. तेवढी होण्याआधीच वाल्वची पाकळी उघडते, इंजिन बोनेटखालची हवा घेऊ लागते आणि पाणी नळीत चढत नाही. मात्र पाणी वाल्वपर्यंत पोचले तर तोही निकामी. टर्बो, म्हणजे पंख्याने हवा दाबून आत ढकलणाऱ्या इंजिनाला हा वाल्व चालत नाही, आणि आजच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्या टर्बोच्या आहेत.

स्नॉर्कल इनटेकचे तोंड थेट टपाच्या उंचीवर नेतो. थार, जिप्सी अशा गाड्यांवर तो दिसतो. नुसता पाइप वर नेऊन काम होत नाही. प्रत्येक सांधा हवाबंद लागतो. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याला तळाशी पाणी निथळायला बारीक भोक असते, तेही बंद करावे लागते किंवा तिथे एकाच दिशेने उघडणारा रबरी वाल्व लावावा लागतो. नाहीतर टपावर तोंड असूनही पाणी तळातून आत येते. साध्या गाडीत मात्र हेच भोक मोकळे हवे. धूळ आणि पालापाचोळ्याने ते बुजते, शिंतोड्यांचे पाणी डब्यात साठत राहते. फिल्टर बदलताना तिथे तार घालून पाहावी.

पाण्यातून जाणे भागच असेल

आधी दुसरी गाडी जाऊ द्यावी, तिचे चाक किती बुडते ते पाहावे. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, न थांबता, क्लच न दाबता जावे. वेगाने पाणी फाडत जाण्यात लाट बोनेटवर येते, आणि बहुतेक इंजिने अशीच जातात. समोरून मोठे वाहन येत असेल तर ते पार होईपर्यंत बाहेर थांबावे.

गाडी पाण्यात बंद पडली तर

सेल्फ मारू नये. पहिल्यांदा बंद पडताना पुष्कळ इंजिने वाचलेली असतात. चालू करण्याच्या खटपटीत रॉड वाकतो. धक्का स्टार्ट तर त्याहून वाईट, कारण गाडीचा सगळा भार क्रँकवर येतो. पाणी चढत असेल तर गाडी सोडून माणसे आधी बाहेर काढावीत. खेड्यात गाडी ओढायला बहुधा ट्रॅक्टरच येतो. तेव्हा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करूनच साखळी बांधावी. गाडी गिअरमध्ये राहिली तर चाकेच इंजिन फिरवतात.

कोरड्यावर आल्यावर बॅटरीची तार सोडवून फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टर कोरडा आणि नळीची आतली बाजूही कोरडी, तर दोष बहुधा विजेच्या भागात असतो. फिल्टर ओला, नळीत गाळाची रेघ असेल तर गाडी उचलून गॅरेजला न्यावी. तिथे पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतात. सिलिंडरातले पाणी पिचकारीसारखे बाहेर येते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावे लागतात. चालू करण्याआधी प्रत्येक पिस्टन वर कुठपर्यंत येतो हे मोजून घ्यायला सांगावे. एखादा इतरांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा रॉड वाकलेला आहे.

विमा

पुराने झालेले नुकसान सर्वंकष पॉलिसीत येते, पण पाणी शिरून इंजिनाच्या आत झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत बहुधा नाकारली जाते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्यावे लागते. झिरो डेप्रिसिएशन (भागांच्या किमतीतून घसारा न कापणारे कव्हर) घेतले म्हणजे हे आलेच असे नाही. पाण्यातल्या गाडीचे फोटो काढून ठेवावेत, विमा कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी इंजिन उघडू नये.