सापेक्षता ‘फक्त कागदावरची थिअरी’ नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर कितीतरी वर्षं आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताबद्दल फिरणारा मजकूर असा: ‘वेगानं जाणाऱ्याचा काळ मंदावतो हे कोणी पाहिलेलं नाही; शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून मानायचं.’

पुरावा मागणं रास्तच आहे, आणि इथे तो आहे. अवकाशातले कण हवेवर आदळले की साधारण 15 किमी उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानं धावले तरी तेवढ्यात जेमतेम 660 मीटर जातील. म्हणजे सातपुड्यातल्या तोरणमाळला मोजलेल्या म्युऑनांपैकी सुमारे हजार मीटर खाली, शहाद्याला, पाव हिस्साही उरायला नको. डोंगरमाथा आणि पायथा अशा मोजण्या जगात झाल्या आहेत; खाली बहुतेक म्युऑन शाबूत सापडतात. आपल्या तुलनेत त्यांचा काळ खरोखर सावकाश सरतो.

स्वतः पाहायचंय? काचेचं भांडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरडा बर्फ एवढ्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्लाउड चेंबर होतो. कणांच्या पांढऱ्या रेषा डोळ्यांना दिसतात. मोजणीला मात्र काउंटर लागतो.

शेत मोजायचं जीपीएसही काळाच्या याच हिशोबावर चालतं. उपग्रहातलं घड्याळ वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं, कमी गुरुत्वामुळे 45 पुढे जातं (गुरुत्व कमी तिथे काळ भरभर सरतो, हेही सापेक्षताच सांगते). उरलेले 38 दुरुस्त केले नाहीत, तर अंतराच्या मापात दिवसाला 11 किमीची चूक साचेल. प्रकाश मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो, गुणून पाहा.

सगळे मूलकण म्हणजे थरथरणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या स्ट्रिंग थिअरीची गोष्ट वेगळी. तिला प्रयोगाचा आधार अजून मिळालेला नाही, आणि तिच्याबद्दल शंका भौतिकशास्त्रज्ञही उघडपणे घेतात.